कोरड्या मातीवरचा भरवसा

अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड नावाचा सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचा माळ आहे. १९४३ साली सरकारने तो ताब्यात घेतला आणि तिथे अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायला सुरुवात केली. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधले प्लुटोनियम इथलेच. नदीकाठच्या नऊ अणुभट्ट्यांतले इंधन आम्लात विरघळवून त्यातून प्लुटोनियम वेगळे काढले जाई आणि मागे उरे तो अत्यंत किरणोत्सारी, क्षारांनी दाट झालेला द्रव. हा द्रव जमिनीत पुरलेल्या १७७ टाक्यांमध्ये साठवला गेला. त्यांतल्या १४९ टाक्यांना पोलादाचे एकच अस्तर होते, आणि त्यांपैकी ६७ टाक्या गळल्या किंवा गळल्या असाव्यात, असे सरकारी नोंदी सांगतात. गळलेला द्रव सुमारे ३८ लाख लिटर. शिवाय कमी किरणोत्सारी सांडपाणी तर चरांत, तळ्यांत, खड्ड्यांत राजरोस सोडले जात होते. त्याची बेरीज १.७ लाख कोटी लिटरच्या घरात जाते. हे करणारी माणसे निव्वळ बेफिकीर होती असे म्हणून विषय संपत नाही. त्यांच्यात नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते, भूशास्त्रज्ञ होते. त्यांचा भरवसा मातीवर होता, आणि पुढे संगणक आल्यावर तोच भरवसा आकड्यांच्या रूपाने अहवालांत आला.

तो भरवसा निराधार नव्हता. हॅनफर्डला वर्षाकाठी जेमतेम १७ सेंटिमीटर पाऊस-बर्फ पडतो. टाक्या ज्या पठारावर आहेत तिथे भूजल ६० ते ९० मीटर खोल आहे. मधला सगळा थर वाळू, गाळ आणि गोट्यांचा. त्याच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडे पाणी असते आणि बाकी हवा. भूजलशास्त्रात याला असंपृक्त थर म्हणतात. विहीर खणताना पाणी लागेपर्यंत जी ओलसर माती निघते ती याच थरातली. पाण्याच्या शोधात निघालेल्या माणसाला या थराशी काही देणेघेणे नसते, म्हणून तो फार काळ दुर्लक्षित राहिला. पण जमिनीवर सांडलेली कोणतीही गोष्ट भूजलापर्यंत पोहोचायची तर तिला याच थरातून जावे लागते. मग ते शेतातले नायट्रेट असो, कचरा डेपोतून झिरपणारे काळे पाणी असो, की किरणोत्सारी सिझियम. हॅनफर्डच्या माळावरचे खुरटे गवत आणि झुडपे पडलेल्या पावसातला बहुतेक भाग शोषून परत हवेत सोडतात; खाली मुरते ते वर्षाला काही मिलिमीटर. म्हणजे विष खाली नेणारे पाणीच नाही, आणि वाटेत ६० मीटर माती आहे. अशा जागी काळजी करावी ती पुढच्या हजार वर्षांनी, असा निष्कर्ष निघाला तर नवल नाही.

असंपृक्त थरातले पाणी कसे चालते हे समजायला मात्र वेळ लागला. पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूतून प्रवाह किती जाईल याचा सरळ नियम आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली, दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना मांडला. अर्धवट ओल्या मातीला तो नियम तसाच लागू पडत नाही, हे एडगर बकिंगहॅमने १९०७ मध्ये दाखवले आणि १९३१ मध्ये लॉरेन्झो रिचर्ड्सने त्याचे समीकरण लिहिले. आजही जगभरातली मॉडेले तेच समीकरण सोडवतात. त्याची खोच अशी, की माती जसजशी कोरडी होते तसतशी पाणी वाहून नेण्याची तिची क्षमता थोडीथोडकी नाही, हजारो-लाखो पटींनी घसरते. ओलावा बदलला की वेग बदलतो आणि वेग बदलला की ओलावा बदलतो. म्हणून हे समीकरण कागदावर सहसा सुटत नाही. यंत्राकडूनच सोडवून घ्यावे लागते. यातून एक गोष्ट अशी निघते जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटीच वाटते. जाड वाळू पाण्याला लवकर वाट देते हे आपण धरून चालतो. ओल्या जमिनीत ते खरेही आहे. पण कोरड्या जमिनीत बारीक मातीच्या खाली जाड वाळूचा थर असेल तर पाणी वाळूत उतरायला तयार होत नाही. बारीक कणांमधल्या अरुंद पोकळ्या पाण्याला केशाकर्षणाने घट्ट धरून ठेवतात, आणि वरची माती जवळजवळ भिजून चिंब होईपर्यंत खालची वाळू कोरडीच राहते. मग पाणी थराच्या उताराने आडवे सरकू लागते. हे लक्षात ठेवायला हवे. हॅनफर्डच्या कथेत ते एकदा अडचण म्हणून आणि एकदा उपाय म्हणून येते.

मॉडेल म्हणजे जमिनीचा उभा छेद हजारो छोट्या चौकटींत विभागायचा आणि प्रत्येक चौकटीत किती पाणी आले, किती गेले, किती उरले याचा जमाखर्च क्षणाक्षणाने पुढे न्यायचा. पाण्याचा जमाखर्च जुळला की त्याच्याबरोबर प्रदूषकाचा. प्रदूषक पाण्याच्या वेगानेच जाईल असे नाही. त्याचे काही अणू मातीच्या कणांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि त्यामुळे तो मागे पडतो. किती मागे, ते ठरवायला प्रयोगशाळेत माती आणि प्रदूषित पाणी एकत्र हलवून एक गुणांक काढतात. या गुणांकाची ताकद पाहण्यासाठी थोडा हिशेब करू. वर्षाला ५ मिलिमीटर पाणी मुरते आणि मातीच्या आकारमानाच्या ५ टक्के जागेत पाणी आहे असे धरले तर पाणी वर्षाला १० सेंटिमीटर उतरते; ६० मीटर उतरायला ६०० वर्षे लागतात. न चिकटणारे द्रव्यही तेवढाच वेळ घेईल. पण गुणांक फक्त १० मिलिलिटर प्रतिग्रॅम असेल तर तेच द्रव्य पाण्यापेक्षा तीनशेहून अधिक पटींनी मागे पडते, म्हणजे जवळजवळ दोन लाख वर्षे. सिझियम-१३७ ची किरणोत्सारिता दर ३० वर्षांनी निम्मी होते. ३०० वर्षांत ती हजारांश उरते. दोन लाख वर्षांच्या वाटेवर निघालेले सिझियम वाटेतच संपणार. त्यामुळे सिझियमपासून भूजलाला धोका नाही, असे मॉडेल सांगे, आणि त्याच्या गणितात चूक नव्हती.

१९७३ साली टी-१०६ या टाकीतून सुमारे सात आठवड्यांत ४ लाख ३५ हजार लिटर द्रव गळला, तरी भरवसा टिकला. तडा गेला तो १९९० च्या दशकात. एसएक्स या टाक्यांच्या समूहाखाली सिझियम-१३७ सुमारे ४० मीटर खोल सापडले. ते टाकीच्या बुडाशी काही मीटरांत अडकून राहायला हवे होते. यावर पहिला बचाव आला तो असा, की सिझियम मातीतून उतरलेलेच नाही. तपासणीसाठी घेतलेल्या बोअरच्या पोलादी नळीला लागून ते खाली घसरले असेल, किंवा बोअर घेतानाच ते खाली ओढले गेले असेल. ही शंका रास्त होती. भोक पाडून मोजायचे म्हणजे मोजण्यासाठीच नवी वाट तयार करायची, हा या शास्त्रातला जुना पेच आहे. पण नवीन, काळजीपूर्वक खोल नेलेल्या बोअरमधले नमुने पाहिल्यावर तो बचाव पुरा पडेना. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने टाक्यांतला द्रव भूजलापर्यंत पोहोचल्याचे मान्य केले. पुढच्याच वर्षी अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला, की हॅनफर्डच्या असंपृक्त थरात काय चालले आहे याची समज मोठे निर्णय घेण्याइतकी पुरेशी नाही.

चूक कुठे होती? त्या एका गुणांकात, आणि त्याहून खोल जाऊन पाहिले तर तो एकच गुणांक पुरेल या समजुतीत. सिझियम मातीला चिकटते म्हणजे अभ्रकासारख्या खनिजांच्या कडांवर बसलेल्या दुसऱ्या आयनांना हटवून त्यांची जागा घेते. ही अदलाबदल आहे, आणि अदलाबदलीत समोर कोण किती संख्येने उभे आहे याला महत्त्व असते. आपल्याकडे बोअरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत पाणी मृदू करणारे यंत्र असते. त्यातले रेझिन कॅल्शियम पकडून ठेवते, आणि ते भरले की त्यावर मिठाचे दाट पाणी सोडतात. सोडियमच्या लोंढ्यापुढे कॅल्शियमला जागा सोडावी लागते आणि ते धुऊन निघते. एसएक्स टाक्यांखाली नेमके हेच घडले होते. टाकीतला द्रव सोडियम नायट्रेटाने इतका दाट होता, की मातीच्या कणांवरच्या जागा सोडियमने अडवल्या आणि सिझियम खाली वाहत गेले. प्रयोगशाळेतला गुणांक साध्या, पातळ पाण्यात मोजलेला असला तर तो या प्रसंगी निरर्थक ठरतो. मागाहून शहाणपण सगळ्यांनाच सुचते, त्या काळच्या लोकांना दोष कसा द्यायचा, असे इथे कोणी म्हणेल. पण आयनांच्या अदलाबदलीचे रसायनशास्त्र तेव्हा नवे नव्हते. हॅनफर्डच्या कारखान्यांतही ते वापरात होते. उणीव ज्ञानाची नव्हती. रसायनशास्त्रज्ञाला जे माहीत होते ते पाण्याचे मॉडेल करणाऱ्याच्या चौकटीपर्यंत पोहोचले नाही, कारण त्या चौकटीत एका आकड्यापुरतीच जागा ठेवली होती.

पाण्याच्या बाजूलाही असेच झाले. वर्षाला काही मिलिमीटर पाणी मुरते हा आकडा झुडपे असलेल्या माळाचा होता. टाक्यांवरची जमीन मात्र झाडोरा काढून खडी पसरलेली होती, कारण मुळे किरणोत्सारी मातीत जाऊ नयेत. उघड्या खडीतून पाणी झटकन खाली जाते आणि ते परत शोषून घ्यायला मुळेही नसतात. हॅनफर्डमध्येच मोजमापाच्या मोठ्या हौदांत माती भरून केलेल्या प्रयोगांत दिसले, की अशा पृष्ठभागावर पडलेल्या पावसापैकी निम्म्याहून अधिक खाली उतरू शकतो. म्हणजे ५ च्या जागी निदान ८० मिलिमीटर. माती थोडी अधिक ओली, १० टक्के, धरली तर पाणी वर्षाला ८० सेंटिमीटर उतरते आणि वरचे ६०० वर्षांचे उत्तर ७५ वर्षांवर येते. समीकरण तेच राहते, फक्त जमिनीवर खडी आहे हे त्याला कळवले जाते. त्यात टाक्यांच्या आसपास फुटलेल्या पाण्याच्या नळांची भर होती. शिवाय थरांचा आडवेपणा होताच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जमिनीत द्रव सोडून केलेल्या एका प्रयोगात तो सरळ खाली जाण्याऐवजी बारीक थरांच्या बाजूने दूरवर पसरला. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत याच्या उलट प्रकार दिसतो: उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि वळवाचे पाणी मातीला न भिजवताच भेगांतून थेट तळाशी जाते. सरासरी माती धरून केलेला हिशेब दोन्हीकडे फसतो, कारण पाणी सरासरीतून जात नाही, सापडेल त्या वाटेने जाते.

माझा मुद्दा यातून उभा राहतो. असंपृक्त थराचे मॉडेल चुकते तेव्हा ते सहसा बेरीज-वजाबाकीत चुकत नाही. मॉडेलच्या आधी माणसाने मनात रेखलेल्या जमिनीच्या चित्रात ते चुकते. आणि ते चित्र चुकीचे आहे हे मॉडेल स्वतः कधीच सांगत नाही. उलट दशांश चिन्हापर्यंतची उत्तरे देऊन ते चित्राला नसलेले वजन देते. या अर्थाने मॉडेल हा सुरक्षिततेचा दाखला होऊ शकत नाही. लेनर्ड कोनिको आणि जॉन ब्रेडहोफ्ट या अमेरिकन भूजलतज्ज्ञांनी १९९२ मध्ये हे स्पष्ट लिहिले, की भूजलाचे मॉडेल खरे ठरले असे कधीच सिद्ध करता येत नाही. १९९४ मध्ये नाओमी ओरेस्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये हाच युक्तिवाद सगळ्या भूविज्ञानाला लावला. निसर्गाची व्यवस्था उघडी असते, तिच्यात बाहेरून काय येईल याला मर्यादा नाही, आणि दोन वेगळी चित्रे आजवरच्या मोजमापांशी सारखीच जुळू शकतात. मग जुळले म्हणून खरे, असे कसे म्हणता येईल? व्यवसायातल्या अनेकांना हे आवडले नाही. परवाने देणाऱ्या कार्यालयांना तर ‘प्रमाणित मॉडेल’ हा शब्दप्रयोग फार सोयीचा वाटतो.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: तेव्हाचे संगणक दुबळे होते, आज लाखो चौकटींचे त्रिमितीय मॉडेल एका रात्रीत चालते. हॅनफर्डजवळच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने ‘स्टॉम्प’ नावाची प्रणाली याच कामासाठी घडवली आणि ती उत्तम आहे, यात वाद नाही. पण बारीक चौकटींमुळे आहे ते चित्र अधिक रेखीव होते. चित्रात नसलेली गोष्ट त्यात येत नाही. याचा पुरावा हॅनफर्डच्याच नदीकाठच्या भागात मिळाला. तिथे इंधनाच्या कारखान्याचे युरेनियममिश्रित पाणी चरांत आणि तळ्यांत सोडलेले होते. ते बंद झाल्यावर भूजलातले युरेनियम ३ ते १० वर्षांत आपोआप पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेखाली येईल, असा हिशेब करून १९९६ मध्ये ‘वाट पाहावी आणि मोजत राहावे’ असा अधिकृत निर्णय झाला. मुदत संपली, युरेनियम तिथेच. कारण असे निघाले, की कोलंबिया नदीची पातळी चढली की भूजल वर येते, असंपृक्त थराच्या तळाशी अडकलेले युरेनियम भिजते आणि थोडे थोडे सुटते; पातळी उतरली की उरलेले पुढच्या पुरापर्यंत पुन्हा कोरडे. हा वार्षिक चढउतार हिशेबात धरला नाही, तर चौकटी कितीही बारीक करा, उत्तर तेच चुकीचे येणार.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. अनिश्चितता आहे ना, मग वाईटात वाईट गृहीत धरा आणि निर्णय घ्या. अभियंते पूल असेच बांधतात. पण पुलावर जास्त भार धरणे म्हणजे सावध राहणे, हे निर्विवाद असते. मातीत सावधपणाची दिशाच नेहमी ठरवता येत नाही. मॉडेलमध्ये प्रदूषकाची पसरण जास्त धरली तर त्याचा पहिला अंश भूजलात लवकर पोहोचतो, पण सर्वाधिक तीव्रता कमी दिसते. पसरण कमी धरली तर उशीर दिसतो आणि तीव्रता वाढते. यातले वाईट कोणते? आडवे थर धरले तर उभा प्रवास लांबतो, पण विष निरीक्षण विहिरींच्या कुंपणाबाहेर जाऊन उतरू शकते. आणि सगळीच द्रव्ये अजिबात चिकटत नाहीत असे धरले, तर सगळीच जमीन सारखी धोकादायक ठरते. मग पैसा आधी कुठे खर्च करायचा हे कळत नाही. टाक्यांतल्या द्रवातलेच टेक्निशियम-९९ हे किरणोत्सारी द्रव्य खरोखरच जवळजवळ चिकटत नाही आणि त्याचे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक आहे. तिथे सगळी खबरदारी योग्य. सिझियमला तोच न्याय लावला तर टेक्निशियमकडे पाहायला हात रिकामे राहत नाहीत.

मग मॉडेले फेकून द्यावीत आणि बोअर घेत सुटावे का? अजिबात नाही. बोअर हातभर रुंदीची खबर देतो. दोन बोअरच्या मधे काय आहे, आणि पन्नास वर्षांनी काय असेल, हे तो सांगत नाही. मॉडेलचा खरा उपयोग मला दिसतो तो ते उघडपणे तोंडघशी पडते तेव्हा. सिझियम ४० मीटरवर सापडले ही बातमी एवढी हादरवणारी ठरली, कारण ते तिथे असता कामा नये असे आधी ठामपणे लिहून ठेवलेले होते. त्या विसंगतीमुळे पॅसिफिक नॉर्थवेस्ट आणि इतर प्रयोगशाळांतल्या शास्त्रज्ञांनी तिथली माती पुन्हा तपासली आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम या सगळ्यांशी सिझियमची स्पर्धा मांडणारे नवे गणित २००२-०३ च्या सुमारास तयार केले. त्यातून सिझियम तेव्हा इतके खोल का गेले ते कळले. सोडियमचा दाट लोंढा पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेले सिझियम आता पुन्हा घट्ट धरले गेले आहे, हेही कळले. हे दुसरे निदान पहिल्याइतकेच मोलाचे आहे. खडीची चूक कळल्यावर टी-१०६ च्या वरची जमीन २००८ मध्ये पाऊस न मुरू देणाऱ्या आवरणाने झाकली गेली. आणि बारीक मातीखालची जाड वाळू पाण्याला अडवते, या गुणाचा उपयोग करून १९९४ मध्ये तिथल्या एका जुन्या शोषखड्ड्यावर दोन मीटर जाड गाळमातीचे, खाली वाळू-खडीचे आच्छादन बांधले गेले. त्यावर तीन वर्षे पाऊस धरून नेहमीच्या सुमारे तिप्पट, म्हणजे वर्षाला ४८० मिलिमीटर होईल अशा हिशेबाने पाणी शिंपडले; मातीतून खाली उतरले ते नगण्य. हेही मॉडेलने आधी सांगितले होते, आणि इथे त्यावर विश्वास ठेवता येतो, कारण माती माणसाने निवडून, मोजून, स्वतः रचलेली होती आणि पाणी ओतून मॉडेलला खोटे ठरवण्याची संधी दिलेली होती.

महाराष्ट्रात हॅनफर्ड नाही, पण प्रश्न आहेच. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोमुळे विहिरी बिघडल्याची तक्रार तिथले गावकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि आपल्या बहुतेक राज्याखाली भेगाळ बेसाल्ट आहे, त्यावर भेगाळणारी काळी माती. नव्या डेपोच्या किंवा कारखान्याच्या जनसुनावणीत पर्यावरण अहवाल समोर येतो आणि त्यात झिरपा भूजलापर्यंत पोहोचायला अमुक वर्षे लागतील असा आकडा असतो, तेव्हा त्या आकड्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. मुरणाऱ्या पाण्याचा दर याच जागेवर, याच पृष्ठभागावर मोजला का, ते विचारा. मातीचा चिकटण्याचा गुणांक शुद्ध पाण्यात काढला की त्या कचऱ्याच्या खऱ्या द्रवात, ते विचारा. आणि भूजलात प्रदूषण दिसण्याच्या कितीतरी आधी, वरच्या कोरड्या थरातच, कोणत्या खोलीवर काय सापडले तर हे मॉडेल चुकले असे तुम्ही मान्य कराल, ते मोजणार कोण आणि त्याची नोंद गावाला कुठे पाहायला मिळेल, याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.